सहा पृष्ठे पुरत नाहीत

मंगळवेढा म्हटले की ज्वारी आणि काळीभोर जमीन आठवते. दिवाळी उलटली की या भागात आणखी एक हंगाम सुरू होतो, तो वीट थापण्याचा. मृगाच्या तोंडाशी तो आटोपतो. शाळेच्या गणितात जिला इष्टिकाचिती म्हणतात ती हाताने घडते कशी, हे बघायला मी अशाच एका भट्टीवर जाऊन बसलो.

निव्वळ काळी माती वाळताना फार आकसते आणि तडकते. म्हणून चिखलात राख, भुसा कालवतात. थापणारी बाई साच्याला आतून राख लावते, चिखलाचा गोळा वरून जोरात आपटते आणि अंगठ्याने चारही कोपरे दाबते. वरचा जादा चिखल निपटून साचा उपडा केला की वीट जमिनीवर. साचा तयार विटेपेक्षा मोठाच असतो, कारण वाळताना आणि भाजताना वीट लहान होत जाते.

खरी परीक्षा उन्हात होते. एक बाजू आधी वाळली तर वीट पिळवटते. म्हणून जरा टणक झाली की ती कडेवर उभी करतात, मग वारा खेळेल अशा बेताने थर लावतात. तरी काही बिघडतातच. अशा विटेलाही पृष्ठे सहा, कडा बारा आणि कोपरे आठच. मोजणीत काहीच कमी नाही, पण ती इष्टिकाचिती राहिली नाही. तिची पृष्ठे आयत नाहीत, कोपऱ्यांतला काटकोन गेला. आता लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून तिचे घनफळ काढाल तर ते चुकेल.

कच्च्या विटा रचून केलेल्या भट्टीचेही तेच. रास ढासळू नये म्हणून थर वर जाताना थोडे आत घेतलेले असतात. सहा पृष्ठे इथेही आहेत, पण माथा तळापेक्षा लहान. तळाच्या मापावरून विटा मोजल्या तर आकडा फुगतो. म्हणून हिशेब थरागणिक करायचा.

गवंडी मात्र काटकोनावर अडून बसतो. त्याच्या हातात गुण्या आणि ओळंबा असतो तो त्यासाठीच. भारतीय मानकातली वीट 19 सेंटिमीटर लांब, 9 रुंद, 9 उंच. दोन रुंद्या आणि मधला एक सेंटिमीटरचा सांधा मिळून बरोबर एक लांबी होते. म्हणून एका थरात वीट लांबीने आणि दुसऱ्यात आडवी लावता येते, आणि सांध्यावर सांधा येत नाही. मसाल्यासकट वीट 20 × 10 × 10 धरली की एका घनमीटर बांधकामाला 500 विटा लागतात. 100 घनफुटांच्या एका ब्रासला साधारण 1,415. गावोगावच्या भट्ट्यांचे साचे निराळे असल्याने हा आकडा बदलतो, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

मानकही एका विटेवर निकाल देत नाही. 20 विटा ओळीने लावून लांबी मोजतात. ती 372 ते 388 सेंटिमीटरांत बसली पाहिजे. हाताच्या कामात थोडे इकडेतिकडे होणार, हे त्यात गृहीत आहे.

भिंतीचा भरवसा म्हणजे काय, हे मंगळवेढ्याला निराळे सांगावे लागत नाही. संत चोखामेळा इथेच कुसवाच्या कामावर असताना भिंत कोसळून गेले, असे परंपरा सांगते. साल 1338 चे. ती भिंत कशाने पडली ते परंपरा सांगत नाही. तिच्याखाली कोण गेले, ते मात्र सांगते. आजही मातीत हात घालणारे आणि भिंतीला सर्वांत जवळ उभे असणारे मजूरच असतात.

वर्गात इष्टिकाचिती शिकवताना फळ्यावर तिरक्या रेघांची पेटी काढतात. त्याऐवजी दोन विटा आणाव्यात, एक नीट आणि एक पिळवटलेली, सोबत गुण्या. पृष्ठे मोजून दोघींत फरक सापडत नाही. गुण्या कोपऱ्याला लावला की लगेच सापडतो.