आयबीएस: तपासण्या नॉर्मल, तरीही आजार खरा

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम ऊर्फ आयबीएस या आजारात आतड्याला जखम किंवा गाठ नसते. बिघडलेला असतो तो आतडे आणि मेंदू यांच्यातला संवाद. आतड्याची हालचाल कधी फार वेगाने होते, कधी रेंगाळते आणि इतरांना जाणवणारही नाही एवढ्या वायूच्या ताणानेही पोटात कळ येते. दुर्बिणीच्या तपासणीत काही दिसत नाही, म्हणून ‘हे सगळं मनाचं आहे’ असे रुग्णाला सांगितले जाते. सर्वांत जास्त नुकसान हाच गैरसमज करतो. ताणाने त्रास वाढतो, हे खरे. पण जंतुसंसर्गाने जुलाब झालेल्यांपैकी साधारण १० टक्के लोकांना पुढे आयबीएस जडतो. तो मनाचा खेळ कसा म्हणता येईल?

दर दहा माणसांमागे एकाला आयबीएस असतो, असेही सर्रास म्हटले जाते. २०१२ साली जगभरातल्या पाहण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात ११ टक्क्यांच्या आसपास प्रमाण आले होते. २०१६ मध्ये निदानाचे ‘रोम ४’ हे नवे, अधिक कडक निकष आले. ते लावून केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय ऑनलाइन पाहणीत हा आकडा सुमारे ४ टक्के निघाला. आजार ओसरला असा याचा अर्थ नव्हे. मोजण्याची पट्टी बदलली. भारतातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४.२ टक्के लोकांत हा आजार आढळला. पाश्चात्त्य देशांत स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो. या भारतीय पाहणीत मात्र स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळपास सारखेच होते. त्यामुळे ‘हा बायकांचा आजार’ ही समजूत इथे टिकत नाही.

निदानाबाबतचा गैरसमज रुग्णाला खर्चात पाडतो. बाकीचे सगळे आजार एकेक करून नाकारल्यावरच आयबीएस म्हणता येते, असे अनेकांना वाटते आणि मग सोनोग्राफी, सीटी स्कॅन, कोलोनोस्कोपी यांच्या फायली जाड होत जातात. वास्तविक निदानाचा पाया रुग्णाने सांगितलेली हकिगत हाच आहे. गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखणे आणि त्याच्या जोडीला पुढील तीनपैकी किमान दोन गोष्टी असणे: दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाच्या वेळा बदलणे, मलाचे स्वरूप बदलणे. त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. नुसते पोट फुगणे किंवा अधूनमधून पोट बिघडणे म्हणजे आयबीएस नव्हे. दुखणे असायलाच हवे.

यासोबत मोजक्या तपासण्या पुरतात. रक्ताची साधी तपासणी, जुलाब होत असतील तर सीलिअॅक आजारासाठी रक्ताची चाचणी आणि आतड्याची सूज ओळखण्यासाठी मलातील कॅल्प्रोटेक्टिन. आपल्याकडे मलाची जंतूंसाठी तपासणीही उपयोगी ठरते. मात्र ‘जुनी आव’ समजून अमीबाची औषधे वर्षानुवर्षे घेत राहण्यात काही अर्थ नाही.

शौचावाटे रक्त, विनाकारण घटणारे वजन, रक्तक्षय, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास किंवा पन्नाशीच्या सुमारास किंवा त्यानंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर कोलोनोस्कोपी टाळू नये. आतड्याचा क्षय भारतात आजही आढळतो, म्हणून ताप आणि वजन घटणे यांकडे इथे अधिकच लक्ष द्यावे लागते. आयबीएसचे रूपांतर कर्करोगात होत नाही. पण निदान झालेल्या रुग्णातही यांतले एखादे लक्षण नव्याने दिसले, तर तपासणी पुन्हा करावी लागते.