२ नोव्हेंबर, आजीच्या वेळेप्रमाणे

पहाटे ४:३०
१८७७ साली सुरू झालेली सोलापूरची जुनी गिरणी बंद पडून आता एक जमाना लोटला. तिच्या भोंग्यावर आजी उठायची. भोंगा थांबला, तरी ती त्याच वेळेला उठत राहिली, आणि तिच्यामागे आमचं घरही. आज सर्व मृतांचा स्मरणदिन. आजी जाऊन दोन वर्षं झाली. बाराव्या दिवसासारखी कळा घरावर आलेली तिला चालायची नाही. "रडून काय हुतंय? त्यांचं काम करा," म्हणायची. म्हणून आजचा दिवस कामाचा.

आई कडक भाकरी करायला बसली आहे. ही भाकरी आमच्या घरात चवीसाठी नाही, नोकरीपायी आली. आजोबा रेल्वेत फायरमन होते. वाफेच्या इंजिनाच्या दिवसांत रात्री-अपरात्री कॉल बॉय दार वाजवायचा, बुकावर सही घ्यायचा आणि आजोबा दौंडच्या नाहीतर वाडीच्या गाडीवर निघायचे. परत कधी येतील याचा नेम नसायचा. चार दिवस टिकेल असं डब्यात काय द्यायचं, तर कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. दार वाजल्यापासून डबा हातात पडेपर्यंत आजीला वीस मिनिटं लागायची. मधे एकदा कपाळावर क्रूसाची खूण. ती कधी चुकली नाही.

सकाळी ६:४५
सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईहून थोरले काका आणि आत्या आले. रिक्षात बसता बसता आत्याने विचारलं, "वही काढलीस का?"

सकाळी ८:००
वही म्हणजे आजीची निळ्या पुठ्ठ्याची वही. नोव्हेंबरमध्ये प्रत्येक कुटुंब आपल्या मृतांच्या नावांची यादी फादरांकडे देतं; आमची यादी या वहीतून उतरते. पहिल्या पानांवर फक्त आपली माणसं आहेत. पुढे मात्र कुणी विणकर, कुणी टांगेवाला, आजोबांबरोबर कोळसा ओढणारा कुणी, विड्या वळणारी एखादी अम्मा. पद्मशाली, लिंगायत, मुसलमान.

हा बदल कधी झाला, ते आजीनेच सांगितलं होतं. तिचा जन्म १९३१ चा. "चार हुतात्म्यांना फाशी दिली त्या साली मी झाले," असं ती सांगायची. लहानपणापासून तिने मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली. उत्तरं तोंडपाठ होती, अर्थ एका शब्दाचाही ठाऊक नव्हता. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि त्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत आली. मराठीतून ऐकताना तिच्या ध्यानात आलं की वेदीवरची ही प्रार्थना सगळ्याच मृतांसाठी आहे, एकट्या आपल्या माणसांसाठी नाही. "मग शेजाऱ्यांना का वगळायचं?" घरी येऊन तिने वहीत पहिलं परकं नाव लिहिलं. परिषदेविषयी मी पुष्कळ वाचलं आहे. ती इतकी नेमकी समजलेलं माणूस मला तिच्याशिवाय भेटलं नाही.

आज यादीत ६३ नावं झाली. तिचं नाव काकांनी गेल्याच वर्षी घातलं, आजोबांच्या खाली.

सकाळी ९:३०
दफनभूमी. पावसाळ्यानंतर काँग्रेस गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. हाताला खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचे सदरे घालून गेलो. पाण्याचे दोन कॅन घरूनच नेले. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी भरून ठेवायची शिस्तही आजीचीच.

आधी खुरप्याने गवत, मग पाणी मारून ब्रश, मग चुना. चुन्याचा हात सुकायला तासभर जातो. तेवढ्यात शेजारच्या ज्या कबरींकडे कुणी येत नाही, त्यांचं गवत काढायचं. ही तिची पद्धत. आत्या आता सत्तरीची आहे, गुडघे धरून खाली बसली आणि तिने अशा तीन कबरी स्वच्छ केल्या. शेवटी झेंडू.

हा दिवस फ्रान्समधल्या क्लूनी मठात ओदिलो या मठाधिपतीने ९९८ साली सुरू केला. खुरपं हातात असताना मला हे नेहमी आठवतं आणि बरं वाटतं. हजार वर्षं कुणी ना कुणी हे काम करत आलं आहे.

दुपारी १:३०
भाकरी, चटणी, दही. ताटावरची प्रार्थना सगळ्यांत लहान नातीने म्हटली.

संध्याकाळी ५:००
दफनभूमीतच मिस्सा. फादरांनी प्रत्येक रांगेतून फिरून कबरींवर पवित्र पाणी शिंपडलं. अंधार पडल्यावर सगळीकडे मेणबत्त्या. आमच्या तीन बिनवारशी कबरींवरही.

रात्री ८:००
घरी जपमाळ. ५९ मण्यांपैकी एक तिच्या माळेत नाही. तिथे तिने दोऱ्याची गाठ मारली होती. माळ जिच्या हातात असते ती त्या गाठीवर किंचित थांबते.

रात्री ९:३०
मुंबईची मंडळी स्टेशनवर निघाली, तेव्हा पलीकडच्या विणकर घरातली सून दारात आली. आजीला ती अव्वा म्हणायची. हातात चिठ्ठी होती, तिच्यावर सासऱ्यांचं नाव. ते दिवाळीच्या आधी गेले. "अव्वा असत्या तर त्यांनीच लिहिलं असतं. आता उशीर झाला का?"

उशीर झालेला नाही. याद्या महिनाभर वेदीपाशी असतात. उद्या सकाळच्या मिस्सेला जाताना ६४ वं नाव देऊन येईन.