जगप्रसिद्ध सुरवंट ब्रशने काढलेला नाही, कागद कापून चिकटवलाय!

लाल तोंड, हिरवं अंग आणि समोर येईल ते खात सुटलेला सुरवंट. एरिक कार्ल यांचं १९६९ सालचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' वाचलं नसलं, तरी हा सुरवंट एखाद्या टी-शर्टवर किंवा दप्तरावर दिसलेला असतोच.

शाळेत घोटीव कागद कापून चिकटकाम करतात ना, त्याच जातीचं हे काम. फरक एवढाच, की कागद हाताने रंगवलेला आहे.

या एका फरकाने चित्र बदलतं. दुकानातला हिरवा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच हिरवा असतो. त्यातून झाडाचं पान कापलं, तर ते ठिगळ लावल्यासारखं दिसतं. हाताने रंगवलेल्या कागदावर ब्रशचे फराटे असतात, रंग कुठे दाट तर कुठे विरळ असतो, खालच्या थरातला पिवळा वर डोकावतो. तेच पान त्यातून कापलं की शिरा न काढताही शिरा असल्यासारख्या वाटतात.

दुसरं कारण व्यवहारी होतं. सुरुवातीला कार्ल तयार रंगीत टिश्यू पेपरच वापरायचे, पण त्याचा रंग उडायचा. मग ते पांढरा टिश्यू पेपर (पतंगाच्या कागदासारखा पातळ) स्वतःच ॲक्रिलिक रंगांनी रंगवू लागले. त्यासाठी ब्रश, स्पंज, गालिच्याचे तुकडे आणि बोटंसुद्धा चालायची. एक थर वाळला की दुसरा. वाळलेले कागद रंगांप्रमाणे ड्रॉवरमध्ये लावून ठेवलेले असत. आधी कागद, मग चित्र. आकार ब्लेडने कापून ते वॉलपेपरच्या खळीने जाड बोर्डावर चिकटवायचे आणि बारीकसारीक रेघा शेवटी खडूने.

घरी करायचं असेल तर एका दिवसात फक्त कागद रंगवा. कापाकापी दुसऱ्या दिवशी. पोस्टर कलरपेक्षा ॲक्रिलिक बरा, कारण वाळल्यावर तो ओल्या डिंकाने पसरत नाही. फेव्हिकॉल पाणी घालून पातळ करा, नाहीतर पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. आणि बिघडलेला कागद फेकू नका. पूर्ण ताव वाईट दिसत असला, तरी त्यातला दोन बोटांचा तुकडा नेमका मासा किंवा ढग होऊन जातो.

पण रंगांबाबत एवढं मोकळं राहणं कार्ल यांना कुठून जमलं? त्याची गोष्ट नाझी जर्मनीतली आहे.

कार्ल यांचा जन्म १९२९ साली अमेरिकेत झाला, पण १९३५ मध्ये कुटुंब जर्मनीत, स्टुटगार्टला परतलं. नाझी सरकारने आधुनिक चित्रकलेला 'विकृत' ठरवून बंदी घातलेली. अशा काळात चित्रकलेचे शिक्षक फ्रिडोलिन क्राउस यांनी या मुलाला घरी बोलावलं आणि लपवून ठेवलेल्या चित्रांच्या प्रती दाखवल्या. त्यात फ्रान्झ मार्क यांचे निळे घोडे होते. सापडले असते, तर शिक्षकाची काही खैर नव्हती.

मुलगा आधी गोंधळला. घोडा कधी निळा असतो का?

२०११ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, कार्ल यांनी निळा घोडा रंगवणाऱ्या चित्रकारावर पुस्तक काढलं. त्यात घोडा निळा आहे, मगर लाल, गाय पिवळी आणि सिंह हिरवा. सगळे रंगवलेल्या कागदातून कापलेले.