नोंदवहीतला कलंक

१७८८ ते १८५३ या काळात ब्रिटिश सरकारने सुमारे २५,००० कैदी स्त्रिया ऑस्ट्रेलियाला धाडल्या. बहुतेकींचा गुन्हा किरकोळ चोरीचा. तरी इतिहासात त्या ‘बदचलन’ ठरल्या. कशा?

१८०६ मध्ये पाद्री सॅम्युअल मार्सडेन यांनी तिथल्या स्त्रियांची यादी केली. वर्ग दोनच: विवाहित आणि रखेल. अँग्लिकन चर्चमध्ये लागलेले लग्नच त्यांनी ग्राह्य धरले. कॅथलिक किंवा ज्यू रीतीने लग्न केलेल्या, इमानाने संसार करणाऱ्या स्त्रियाही रखेल ठरल्या! पुढे कित्येकांनी ही यादी खरी मानली.

म्हणून आम्ही वर्गात मुलांना विचारायला शिकवतो, ‘ही नोंद केली कोणी?’ भगिनींनो, एखादीबद्दल वाईट कानावर आले, तर घरातही आपण हाच प्रश्न विचारू या.