रात्रीच्या गोळीचा प्रश्न

बालकल्याण समितीच्या खोलीत आरोपीचा पिंजरा नसतो, काळे कोटही क्वचितच दिसतात. एक लांब टेबल, अध्यक्ष आणि चार सदस्य, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, कडेला फायलींचे गठ्ठे. पण बाल न्याय कायदा, २०१५ ने या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले आहेत. मूल घरी जाणार की संस्थेत, ते याच टेबलावर ठरतं. आईला किंवा वडिलांना मानसिक आजार असला, की गृहचौकशी करून अहवाल द्यायचं काम माझ्याकडे येतं. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, म्हणून गाव-नाव काहीच सांगत नाही.

प्रकरण दोन वर्षांच्या मुलीचं. आईला स्किझोफ्रेनिया. भास वाढले आणि एका रात्री ती लेकीला कडेवर घेऊन एसटी स्टँडवर जाऊन बसली. पोलिसांनी २४ तासांच्या आत मुलीला समितीपुढे हजर केलं. मुलगी शिशुगृहात गेली, आई मनोरुग्णालयात. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ सांगतो, की उपचार घेणाऱ्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तिच्यापासून वेगळं करू नये. करावंच लागलं, तर दर पंधरा दिवसांनी त्याचा फेरविचार व्हावा. पण त्यासाठी वॉर्डात सोय लागते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये माता-बालक कक्ष २००९ पासून आहे. इथे तसं काही नव्हतं.

फायलीतल्या पहिल्याच कागदावर शेरा होता: ‘आई वेडसर, सांभाळ करण्यास असमर्थ.’ असा शेरा एकदा पडला, की तो कागदामागून कागदावर उतरत जातो. चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असं कायदा म्हणतो. आजार मात्र चढतो, उतरतो. तो चढलेला असताना लिहिलेलं वाक्य, आई बरी होऊन समोर बसली तरी तसंच राहतं.

आई घरी परतल्यावर मी गेले. अशा घरात मी आधी लसीकरणाचं कार्ड मागते. ते प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं, वयानुसारच्या सगळ्या लशींच्या तारखा भरलेल्या. मग गोळ्यांची पाकिटं. आजार उलटला त्याआधीची पाकिटं सासूने फळीवर तशीच ठेवली होती. सकाळच्या गोळ्या संपलेल्या, रात्रीच्या जवळजवळ सगळ्या शिल्लक.

‘‘रात्रीची का नाही घेतली?’’

‘‘ती घेतली की मेल्यासारखी झोप लागते, ताई. पोरगी रडली तर मला ऐकूच येत नाही.’’

जिच्यावर ‘सांभाळ करण्यास असमर्थ’ असा शेरा होता, तिची गोळी लेकीच्या काळजीपोटी सुटली होती.

तारखेला ती आली. मुलीला समोर आणलं, तरी तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. हात तेवढे थरथरत होते. ‘‘हिला काही वाटतच नाही का?’’ एक सदस्य हळूच म्हणाले. मख्ख चेहरा आणि थरथर हे तिच्या औषधांचे परिणाम असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. मी तो कागद पुढे सरकवला. मग अध्यक्षांनी नेमका प्रश्न विचारला, ‘‘रात्री पोरीकडे कोण बघणार?’’

‘‘मी बघंन की,’’ सासू म्हणाली. ‘‘पोर माझ्याजवळ झोपंल. हिनं गोळी घेऊन खुशाल झोपावं.’’

ताबा आईकडे, आजीचं हमीपत्र, दरमहा गृहभेट आणि बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपयांसाठी शिफारस, असा आदेश झाला.

प्रत्येक प्रकरण असं सुटत नाही. आजार तोच, पण ‘पोराला संपव’ असे आवाज बापाला ऐकू येताहेत, उपचाराला नकार आहे आणि घरात दुसरं कोणी नाही, अशा घरी मूल परत पाठवू नये, असंच मी लिहिलं आहे. आजाराच्या नावावरून निकाल ठरत नाही, तो अशा गोष्टींवरून ठरतो.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला. मुलाच्या किंवा आईवडिलांच्या अपंगत्वापायी, ज्यात दीर्घकालीन मानसिक आजारही येतो, मूल त्यांच्यापासून तोडू नये, असं त्याच्या २३व्या कलमात आहे. आपल्या २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या ९व्या कलमात दिव्यांग मुलाला हे संरक्षण मिळालं. दिव्यांग आईबाप त्यातून राहून गेले. ती उणीव तूर्त अहवालानेच भरून काढावी लागते. आजाराचं नाव डॉक्टर लिहितील. गोळी कोण देतं, रात्री मुलाजवळ कोण असतं, बिघडायला लागलं तर पहिला फोन कोणाला जातो, हे चौकशी करणाऱ्याने लिहावं. ही तीन उत्तरं ज्या अहवालात नाहीत, तो समितीने परत पाठवावा.