दोन टर्बो आणि सहा सिलिंडर : लोटस ओमेगाचे इंजिन
इंजिनाचे अंतरंग : लेखांक ९

पेट्रोल इंजिनातून किती शक्ती मिळणार हे वरवर पाहता इंधनावर ठरते, पण खरी मर्यादा हवेची असते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि पिस्टन खाली सरकताना जेवढी हवा सिलिंडरमध्ये आपोआप ओढली जाते तेवढ्यावरच साध्या इंजिनाला भागवावे लागते. टर्बोचार्जर ही मर्यादा ओलांडतो. धुराड्यावाटे वाया जाणाऱ्या तप्त वायूंच्या झोतावर एक लहानसे चक्र, म्हणजे टर्बाइन, फिरवायचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, अशी ही रचना असून तिचे मूळ स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली घेतलेल्या पेटंटमध्ये आहे. युरोपीय सेडान मोटारींमध्ये ती बीएमडब्ल्यूच्या १९७३ सालच्या २००२ टर्बोने आणि त्यानंतर काही वर्षांनी साबच्या ९९ टर्बोने रुजवली. मात्र मुळात टर्बोविना आखलेल्या इंजिनाला टर्बो जोडताना नेमके काय काय करावे लागते, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण १९९० ते १९९२ या काळात तयार झालेल्या लोटस ओमेगाचे आहे. ब्रिटनमध्ये हीच मोटार लोटस कार्ल्टन या नावाने विकली गेली.

जनरल मोटर्सने १९८६ साली इंग्लंडमधील लोटस ही कंपनी विकत घेतली होती, आणि जर्मनीतील ओपेल ही तर तिची जुनीच कंपनी होती. ओपेलच्या ओमेगा या मोठ्या कौटुंबिक सेडानमध्ये सहा सिलिंडर एका रांगेत असलेले, २९६९ घनसेंटिमीटर क्षमतेचे आणि २४ झडपांचे इंजिन मिळत असे. त्याची शक्ती २०४ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे क्रँकशाफ्टला मिळणारा पीळ, २७० न्यूटन-मीटर होता. नॉरफोकमधील हेथेल येथील लोटसच्या कारखान्यातून हेच इंजिन ३७७ अश्वशक्ती आणि ५६८ न्यूटन-मीटर टॉर्क घेऊन बाहेर पडले.

एका मोठ्या टर्बोऐवजी गॅरेट कंपनीचे टी-२५ जातीचे दोन लहान टर्बो का निवडले, हे समजण्यासाठी टर्बोचा सर्वांत जुना दोष ध्यानात घ्यावा लागतो. चालकाने ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बाइनला वेग घ्यायला काही क्षण लागतात आणि तेवढा वेळ इंजिन सुस्त वाटते; या विलंबाला टर्बो-लॅग म्हणतात. चक्र जितके मोठे तितके त्याचे जडत्व अधिक आणि विलंबही अधिक, त्यामुळे एकाच मोठ्या चक्रापेक्षा दोन लहान चक्रे लवकर वेग घेतात. सरळ रांगेतील सहा सिलिंडरांची रचना तर या मांडणीसाठी जणू बेतूनच केलेली असते. अशा इंजिनात ठिणग्या १-५-३-६-२-४ या क्रमाने पडतात, म्हणून पुढचे तीन सिलिंडर एका टर्बोला आणि मागचे तीन दुसऱ्याला जोडले, की प्रत्येक टर्बोला क्रँकशाफ्टच्या दर २४० अंशांनी वायूचा एक स्वतंत्र झोत मिळतो. एका सिलिंडरचा झोत दुसऱ्याच्या झोतात फारसा मिसळत नाही आणि टर्बाइनला सारख्या अंतराने रेटे बसत राहतात. परिणामी या इंजिनात सुमारे १५०० फेऱ्यांपासूनच हवेचा दाब वाढू लागतो आणि तो वातावरणाच्या दाबापेक्षा ०.७ बार अधिक होईपर्यंत चढतो. त्यापुढे तो वाढू नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप उघडून जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडून दिले जातात.

खरी अडचण येथून सुरू होते. आधीच दाबलेली हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली की तिचे तापमान इतके चढते, की ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि ते चालू राहिले तर पिस्टनचा माथा अक्षरशः फुटतो. त्यावर उपाय म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन तळाशी असतानाच्या आणि माथ्याशी असतानाच्या सिलिंडरमधील जागेचे गुणोत्तर, कमी करणे. लोटसने दहनकक्ष मोठा करून ते १० वरून ८.२ वर आणले. पण या उपायाचीही किंमत असते, कारण कमी गुणोत्तराचे इंजिन टर्बोचा दाब येण्यापूर्वी दुबळे पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी सिलिंडरचा ९५ मिलिमीटर व्यास तसाच ठेवून पिस्टनचा प्रवास ६९.८ वरून ८५ मिलिमीटर करण्यात आला, त्यामुळे इंजिनाची क्षमता ३६१५ घनसेंटिमीटर झाली आणि टर्बो जागा होण्याआधीही मोटारीला पुरेसे बळ मिळू लागले. प्रवास लांबल्याने पिस्टनचा वेग अर्थातच वाढला: मिनिटाला ६००० फेऱ्यांवर त्याची सरासरी सेकंदाला १४ मीटरवरून १७ मीटरवर गेली. एका बदलातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा बदल कसा अटळ होत जातो, हे या ठिकाणी स्पष्ट दिसते.

बळकटीचा हिशेबही तितकाच कठोर होता. ज्वलनाच्या वेळी सिलिंडरमधील दाब ९५ बारपर्यंत जाईल असे धरून आखणी झाली, आणि ९५ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर एवढ्या दाबाने पडणारा भार पावणेसात टनांहून अधिक भरतो. ओतीव पिस्टन तो सोसू शकत नाहीत, म्हणून माले कंपनीचे घडीव पिस्टन आले. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड हेही नवे, घडीव पोलादाचे घ्यावे लागले, आणि इंजिनाच्या ब्लॉकला बाहेरून जादा आधार देऊन तो ताठ करण्यात आला.

उष्णतेचा प्रश्न उरतोच, आणि टर्बो बसवताना त्याकडेच बहुधा सर्वांत कमी लक्ष जाते. सायकलच्या पंपाचे टोक हवा भरताना तापते त्याच कारणाने टर्बोतून बाहेर पडणारी हवा तापते. या इंजिनात ती सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे दाबून जे मिळवले त्यातले बरेच उष्णतेमुळे हातचे जाते. म्हणून इंजिनात शिरण्यापूर्वी ही हवा इंटरकूलर नावाच्या उपकरणात पाण्याच्या साहाय्याने सुमारे ६० अंशांपर्यंत निववली जाते. दाब तोच राहिला तर या ६० अंशांच्या फरकाने हवेची घनता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, शिवाय नॉकिंगचा धोकाही मागे हटतो. टर्बोने निर्माण केलेली शक्ती खऱ्या अर्थाने पदरात पडते ती इंटरकूलरमुळे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

इतके सारे बदलणाऱ्या अभियंत्यांनी एक गोष्ट मात्र जवळजवळ तशीच राहू दिली, आणि या इंजिनाचा मोठेपणा तेथेच अधिक जाणवतो. सिलिंडर हेडमधील हवेचे प्रवेशमार्ग किती हवा वाहू देतात याचा अभ्यास झाला, तेव्हा ओपेलचे मूळ चार झडपांचे हेड हव्या त्या शक्तीला पुरेसे आहे असे दिसून आले. म्हणून दहनकक्ष मोठे करण्यापलीकडे त्याला हात लागला नाही. नवे हेड आखणे कठीण नव्हते, प्रतिष्ठेचेही ठरले असते. पण हिशेबाने जे पुरेसे ठरले ते ठेवले गेले आणि जे अपुरे ठरले ते निःसंकोचपणे काढले गेले. जुन्या इंजिनावर टर्बो बसवणाऱ्या कोणाही कारागिराने हा विवेक प्रथम आत्मसात करावा.

इंजिनाबाहेरची साखळीही यातून सुटली नाही. एवढा टॉर्क पेलण्यासाठी झेडएफ कंपनीचा सहा गतींचा गिअरबॉक्स शेव्हरोले कॉर्व्हेट झेडआर-१ मधून आणावा लागला, ब्रेक आणि टायर बदलले, आणि चार दारांची, पाच माणसांची ही मोटार ताशी सुमारे २८३ किलोमीटर वेगाने धावू लागली. इतर जर्मन निर्माते त्या काळी आपल्या वेगवान सेडान २५० किलोमीटरवर रोखत असताना ओपेलने असा अडसर घातला नाही, आणि त्यावरून ब्रिटिश वृत्तपत्रांत मोठे वादंग माजले. १९९२ साली उत्पादन थांबले तेव्हा ३२० कार्ल्टन आणि ६३० ओमेगा, अशा एकूण ९५० मोटारी तयार झाल्या होत्या.