अकृतमृत्युपत्र

मृत्युपत्र न करता जो मरण पावतो, त्याला कायद्याच्या मराठी परिभाषेत ‘अकृतमृत्युपत्र’ म्हणतात. शब्द उच्चारावयास जड खरा, पण नेमका. ज्या ‘इंटेस्टेट’ या इंग्रजी शब्दासाठी तो योजिला जातो, त्याचे कूळ मात्र लॅटिन आहे. ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार. साक्षीदारांसमक्ष आपली अखेरची इच्छा ज्याने सांगितली नाही, तो ‘इंटेस्टाटुस’. ‘टेस्टिस’च्या मुळाशी ‘तिसरा उभा असलेला’ असा अर्थ व्युत्पत्तिकार दाखवितात. मराठीतला ‘तिऱ्हाईत’ त्याचा सगोत्र नसेल, पण शेजारी खास! ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील रोमच्या ‘बारा फलकां’च्या कायद्यातही हा शब्द आढळतो.

साक्षीदाराचे हे महत्त्व आजही ओसरलेले नाही. भारतात १९२५ च्या वारसा कायद्यानुसार मृत्युपत्रावर सामान्यतः निदान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. सुवाच्य अक्षरात सर्व काही लिहून ठेवले, पण साक्षीदार एकच घेतला, तर तो गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने अकृतमृत्युपत्रच ठरतो.

अकृतमृत्युपत्र म्हणजे बेवारस नव्हे. मिळकत सरकारजमा होते ती कोणीच वारस नसेल तेव्हा. एरवी मृताने जे ठरविले नाही ते कायदाच ठरवितो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पुरुषामागे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. वडिलांची गणना मात्र दुसऱ्या वर्गात होते, हे अनेकांच्या ध्यानीही नसते.

स्त्रीच्या बाबतीत हा क्रम फार निराळा आहे. तिला पती वा मूलबाळ नसेल, तर तिच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पहिला हक्क पतीच्या वारसांचा. तिचे स्वतःचे आईबाप त्यांच्या मागून येतात. विवाहानंतर तीन महिन्यांतच विधवा झालेल्या एका स्त्रीला सासरच्यांनी घराबाहेर काढले होते. माहेरी राहून ती शिकली, नोकरीस लागली आणि १९९६ साली मृत्युपत्र न करता वारली. तिची बँकेतील शिल्लक व भविष्यनिर्वाह निधी यांवर आईने हक्क सांगितला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कायद्याचे शब्द स्पष्ट असता केवळ सहानुभूतीवर निर्णय देता येत नाही, असे न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले, आणि तिची पुंजी नणंदेच्या मुलांकडे गेली.